तारेत उतरलेलं गाव

आमच्या कचेरीतले जुने हेडक्लार्क फोन उचलला की 'हॅलो' म्हणायच्या आधी त्यात एक जोरकस फुंकर मारत. मग रिसीव्हरचं खालचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटत, पुन्हा कानाला लावत आणि मनासारखं ऐकू आलं तरच बोलायला सुरुवात करत. नव्याने लागलेली पोरं फायलीआड तोंड लपवून हसायची. काळा, जड, चकती फिरवायचा फोन होता तो. शून्य फिरवला की चकती अख्खा फेरा पुरा करून परत येईस्तोवर माणसाला चहाचा एक घोट घेता येई.

त्या फुंकरीमागे शास्त्र होतं. जुन्या फोनच्या बोलायच्या बाजूला, जाळीच्या आत, कोळशाचे बारीक कण भरलेली एक डबी असे. आपण बोललो की पातळ पडदा थरथरतो, त्यामागचे कण दाबले जातात, सैल होतात आणि त्यांच्यातून वाहणारा प्रवाह त्या हिशेबाने कमीजास्त होतो. माणसाचा आवाज कोळशाच्या भुकटीतून तारेवर चढे. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून, दमट हवा खाऊन ते कण एकमेकांना धरून बसत आणि मग बोलणं कुरकुरत, दबून जाई. टेबलावर आपटलं की कण मोकळे. फुंकरीचं कारण वेगळं. फोनची रचनाच अशी असते की आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परततो. आपली फुंकर आपल्याला ऐकू आली म्हणजे फोनात जीव आहे. हेडक्लार्कना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. नोकरीभर त्या एका फोनशी झटापट करून ते त्यांच्या हाताला आपोआप कळलं होतं.

आमची कचेरी मानोऱ्यात. मानोरा हे तालुक्याचं गाव. एका अंगाला कारंजा आणि मंगरूळपीर, दुसऱ्या अंगाला दारव्हा आणि दिग्रस. आगगाडी इथवर आलीच नाही. शकुंतला नावाची गाडी मूर्तिजापूरहून निघाली ती कारंजा, दारव्हा करत परस्पर यवतमाळला गेली. त्यामुळे बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे एसटी, पोस्ट आणि फोन. त्यातला फोन ऋतूप्रमाणे वागे. मे महिन्यात, जमीन तापून भेगाळलेली असताना, लाईन खणखणीत असायची. पलीकडच्या माणसाने खाकरलेलंही ऐकू यायचं. मृग लागून चार सरी पडल्या की मात्र लाईनीत खरखर शिरे. आधी मधूनच एखादा तडका, मग सलग, तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.

आणि नेमके हेच दिवस फोनची सगळ्यात जास्त गरज असण्याचे. पावसाळाभर रोज सकाळी महसुली मंडळांतून पर्जन्यमापकाचे आकडे तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला फोनवर कळवायचे असत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्याशी येऊन अडतं. आता 'त्रेसष्ट' आणि 'अडुसष्ट' हे दोन आकडे खरखरीतून ऐकून पाहा. पुढचा भाग खरखर खाऊन टाकते आणि हाती लागतो तो नुसता 'सष्ट'. म्हणून आम्ही आकडा फोडून सांगायचो: सहावर आठ, सहावर आठ. गावांची नावं तर अक्षर अक्षर सोडवून: पुसदचा पु, नागपूरचा ना, यवतमाळचा य. अशा रीतीने निम्मा विदर्भ फिरून झाला की एका तांड्याचं नाव पलीकडे पोचे.

हेडक्लार्कना मात्र आकड्याची फारशी वाट पाहावी लागत नसे. मंडळातून फोन आला, त्यांनी तो कानाला लावला की पलीकडच्याने तोंड उघडायच्या आधीच ते आमच्याकडे बघून म्हणत, "आज तिकडे लय पानी झालं दिसते." खरखरीवरूनच त्यांना ते उमगे. आणि आकडा आला की बहुतेक वेळा तो त्यांच्या अंदाजाच्या आसपास असे. बातमी सांगायला माणूस बोलू लागे तोवर तारेने ती सांगून टाकलेली असायची.

१ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधी आमचे आकडे अकोल्याला जायचे. अकोला लांब, म्हणून आवाज खराब, असा सगळ्यांचा पक्का समज होता आणि त्या समजुतीपोटी सगळे ओरडून बोलत. कचेरीच्या बाहेर पिंपळाखाली बसलेल्या अर्जदारांनाही मानोऱ्यात किती मिलिमीटर झाला ते कळे. जिल्हा जवळ आला, वाशीम झालं, तरी खरखर होती तेवढीच राहिली. कारण ती अकोल्याकडची कधी नव्हतीच. लांबच्या पल्ल्यात आवाज फारसा बिघडत नसतो, तिथली यंत्रणा भक्कम असते. बिघाड असतो तो शेवटच्या टप्प्यात, गावातल्या एक्स्चेंजपासून आपल्या टेबलापर्यंतच्या पायी दहा मिनिटांच्या वाटेवर. आपण लांबच्याला दोष देत ओरडत असतो आणि पाणी मुरलेलं असतं ते आपल्याच दारातल्या खांबावर.

तो खांब दाखवला लाईनमनने. तक्रार नोंदवली की हा गृहस्थ सायकलला शिडी बांधून यायचा. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून कमी. त्याच्याकडे एक सुटा रिसीव्हर होता, वायरच्या टोकांना दोन दातेरी क्लिपा लावलेला. आला की कुणाला काही न विचारता तो आधी आमचा फोन काढून बाजूला ठेवी आणि भिंतीवरच्या जोडणीच्या डबीला, म्हणजे रोझेटला, आपल्या क्लिपा लावून ऐके. खरखर आहे? म्हणजे फोन निर्दोष. मग बाहेर जाऊन खांबावर चढे, आमच्याकडे येणारी वायर पेटीतून सोडवी आणि एक्स्चेंजकडून येणाऱ्या जोडीला क्लिपा लावून पुन्हा ऐके. इथे साफ? म्हणजे गडबड खांब आणि भिंत यांच्या मध्ये. इथेही खरखर? मग पुढचा पिलर, त्यापुढचं कॅबिनेट, आणि शेवटी एक्स्चेंजमधली ती मोठी चौकट, जिथे गावातल्या सगळ्या तारा येऊन ओळीने बसतात. दर ठिकाणी तो लाईन मधोमध तोडून एक बाजू निर्दोष ठरवी. खरखर कुठून येते हे त्याने कधी एकदम शोधलं नाही. ती कुठून येत नाही हे ठरवत ठरवत तो तिच्यापाशी जाऊन पोचे.

ही रीत मला आवडत गेली. कचेरीत आमचं काम नेमकं उलटं चाले. कागद हरवला की आधी तो कुणी हरवला याचा शोध लागे, आणि त्या कुणाचं नाव बहुधा ज्येष्ठतेच्या यादीतलं सगळ्यात खालचं असे. लाईनमनला घाई नव्हती. आधी आपलं यंत्र, मग आपली भिंत, मग आपला खांब, आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याचं दार, असा त्याचा क्रम होता.

एका पावसाळ्यात मी त्याच्यासोबत खांबाशी उभा राहिलो. शिडी धरायला कुणीतरी हवं होतं. त्याने पेटीचं झाकण उघडलं आणि मला वर बोलावून आतलं दाखवलं. ओळीने पितळी स्क्रू, त्यांना जोड्याजोड्यांनी अडकवलेल्या तारा, काही स्क्रूंवर तांब्याचा हिरवा गंज चढलेला. झाकणाच्या कडेचं रबर कधीच गळून गेलं होतं. एका कोपऱ्यात मुंग्या, कोळ्याचं जाळं, पालीची दोन पांढरी अंडी. आणि मधोमध, आमच्या जोडीच्या दोन स्क्रूंवर, बोटाच्या पेराएवढं मातीचं एक घर. कुंभारीण माशीने बांधलेलं. शेतातली काळी माती तोंडाने आणून, ओली करून, थापून थापून तिने ते नेमकं तिथेच केलं होतं. उन्हाळाभर ते खडखडीत कोरडं होतं तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. पाऊस आला, माती ओलावली आणि एका स्क्रूवरचा प्रवाह त्या ओल्या मातीतून थोडा थोडा दुसऱ्या स्क्रूवर जाऊ लागला. लाईनमनने पेचकसाच्या टोकाने ते खरवडून तळहातावर घेतलं. "पाहा भाऊ," तो म्हणाला, "जमीन आनून ठेवली हिनं इथं."

फोनचा सगळा खटाटोप खरं तर जमिनीला दूर ठेवण्याचा असतो. दोन तारा, त्यांच्यावर आवरण, त्यावर आणखी आवरण, पुढच्या काळात केबलीच्या पोटात पाणी शिरू नये म्हणून भरलेली जेली, हे सगळं मातीपासून आणि पाण्यापासून तार वाचवण्यासाठी. पण त्याच फोनचं एक टोक जमिनीत पुरलेलं असतं. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटऱ्यांची रांग असते आणि तिचं धन टोक जमिनीला जोडतात. ऋण तारेकडे. दमट मातीत धातूतून प्रवाह गळू लागला की धन बाजूचा धातू झिजत जातो, म्हणून झिजायचं ते जमिनीतल्या लोखंडाने आणि वाचायचं ते तारेतल्या तांब्याने, अशी ती वाटणी. जमिनीशी हा सांधा पक्का राहावा म्हणून एक्स्चेंजच्या आवारात खड्डा करतात, त्यात कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात. वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. ओल खोल निघून जाते आणि जमिनीचा सांधा सुटतो. म्हणजे ज्या पाण्याने जूनमध्ये लाईन बिघडते, तेच पाणी मे महिन्यात बादलीने आणून एक्स्चेंजच्या मुळाशी घालायचं.

मीठ म्हटलं की या भागात लमाणांचे तांडे आठवतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांनी देशभर वाटा पाडल्या, नंतर रेल्वे आली आणि त्या वाटा बंद पडल्या. तांडे जिथे थांबले तिथे राहिले. बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखली जाणारी पोहरादेवी मानोरा तालुक्यातच आहे. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. फोनचा आणि त्या तांड्यांचा संबंध आमच्या कचेरीपुरता असा की लाईन ओली झाली की खरखरीबरोबर माणसंही आत येत. शेजारच्या जोडीतलं बोलणं आपल्या जोडीत गळू लागतं, त्याला क्रॉस कनेक्शन म्हणत. जिल्ह्याला आकडे सांगता सांगता मध्येच लमाणांच्या गोरमाटी बोलीतलं एखादं वाक्य यायचं, बाईचा आवाज, बहुधा बाजारातल्या एखाद्या एसटीडी बूथवरून. पोरगं पुण्याला की मुंबईला कामाला गेलेलं असावं. आईचा आवाज यायचा, पोराचा नाही. तिच्या विचारण्याच्या मधल्या थांब्यांतून त्याचं उत्तर ताडावं लागे. आकडे सांगणारा आमचा माणूस तेवढ्यापुरता थांबायचा. पलीकडचा जिल्ह्याचा बाबूही थांबायचा. त्याच्याकडेही तेच ऐकू जात असणार. दोघांपैकी कुणीही 'लाईन सोडा' म्हणून ओरडत नसे. मिनिट-दोन मिनिटं सरकारी काम थांबून राही आणि मग कुणीतरी खाकरून पुन्हा सहावर आठ सुरू करी.

लाईनमनचा कान तयार होता. खरखर ऐकून तो तिची जात सांगे. वाऱ्याच्या झोतासरशी येते आणि जाते ती सैल सांध्याची. खांबावर पिळून जोडलेल्या दोन तारा हलतात, त्यांच्यावरचा गंज क्षणभर आड येतो. सलग आणि हळूहळू वाढत जाणारी ती पाण्याची. भुंग्याच्या सुरासारखी एकसंध घूं ऐकू आली तर ती विजेची. घूं येण्याचं कारण गमतीचं आहे. फोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. शेजारून विजेची तार गेली तरी तिचा परिणाम दोघींवर सारखाच होतो, आणि सारखा झाला की तो आपोआप कटतो. ग्रॅहॅम बेलने ही युक्ती १८८१ मध्येच काढून ठेवली होती. पण दोघींपैकी एकीला जमिनीने थोडं जरी ओढून घेतलं, एकीचा सांधा जरी सैल पडला, की तोल जातो आणि विजेची घूं सरळ कानात येते. दोघी बरोबरीच्या असतील तोवर बाहेरच्या कुणाला आत शिरता येत नाही.

विदर्भात भारनियमनाने लोकांचं जिणं नकोसं केलं होतं त्या काळात या घूं-ची एक मौज पाहायला मिळाली. वीज गेली, पंखे बंद, ट्यूबलाइट बंद, उकाड्याने जीव जातोय, अंधारलेल्या कचेरीत कुणालाच काही करता येत नाही, आणि फोन मात्र चालू. चालू तो चालू, शिवाय नेहमीपेक्षा साफ. त्याची स्वतःची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची, आणि त्याला छळणारी शेजारची वीज तेवढ्यापुरती मेलेली असायची. मग ज्यांना खरंच काही बोलायचं असे, बदलीची बोलणी, पोरीच्या सोयरिकीची चौकशी, ते लोक भारनियमनाच्या वेळा पाहून फोन करायला येऊ लागले. पुढे शेतातल्या झटका मशीनचा ठोकाही लाईनीत उतरू लागला. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत सेकंदा-सेकंदाला विजेचा झटका सोडतात. गावाच्या कडेने गेलेल्या फोनच्या तारेत तो टक, टक, टक असा येतो. सोयाबीनच्या हंगामात रात्री फोन लावला की बोलण्यामागे ते राखणीचं घड्याळ चालू असायचं.

टेलिफोनवरची खरखर कुठून येते हे शोधायला बसलेल्या एका माणसाची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला हेच काम दिलं होतं. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओवरून टेलिफोन जोडायचा, त्यात खरखर कसली येते ते बघ. न्यू जर्सीतल्या होल्मडेलला एका शेतात त्याने लाकूड आणि धातूच्या नळ्यांचा लांबलचक सांगाडा उभा केला, फोर्ड गाडीची चाकं लावून तो गोल फिरेल अशी सोय केली आणि कानाला यंत्र लावून तो ऐकत बसला. त्याला खरखरीचे तीन प्रकार सापडले. जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची आणि तिसरी एक, अगदी बारीक, सतत चालणारी. ही तिसरी दिवसातून एकदा वाढायची, पण बरोबर चोवीस तासांनी नाही. तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी. सूर्याचा दिवस चोवीस तासांचा, ताऱ्यांचा चार मिनिटांनी कमी. म्हणजे ही खरखर पृथ्वीवरची नव्हती, सूर्याचीही नव्हती. आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने ती येत होती. १९३३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. टेलिफोनवाल्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, या खरखरीवर इलाज नाही. त्यांनी त्याला दुसऱ्या कामाला लावलं. १९५० मध्ये तो वारला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. रेडिओ खगोलशास्त्र नावाची विद्या त्याच्या त्या तक्रारनिवारणातून जन्मली.

त्याच होल्मडेलमध्ये १९६४ च्या सुमाराला पेन्झियस आणि विल्सन या दोघा शास्त्रज्ञांना पुन्हा एक न जाणारी खरखर भेटली. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं. विष्ठा साफ केली, कबुतरं हाकलली, सांधे चिकटपट्टीने बंद केले, तरी ती राहिलीच. ती विश्वाच्या जन्माच्या वेळची ऊब होती. तिच्यासाठी त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. मी हे वाचलं तेव्हा खांबावरची पेटी डोळ्यांपुढे आली. शोधायची रीत दोन्हीकडे एकच. आधी आपलं यंत्र, मग आपली भिंत, मग पाखरांची घरटी. फरक इतकाच की आमच्याकडे खरखर कुंभारीण माशीपाशी संपली आणि त्यांची संपलीच नाही. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या केल्या. ती जागा निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहिली होती, की तिथे माणसांची खरखर कमी असावी. आकाशातली ऐकायची तर आधी आपली थांबवायला हवी.

लाईनमनला मी एकदा विचारलं होतं, की अजिबात खरखर नसलेली लाईन कधी असते का. त्याने विचारही केला नाही. "असते ना भाऊ. बंद पडेल लाईन एकदम शांत रायते."

मोबाईल बनवणाऱ्यांना ही गोष्ट पुढे वेगळ्या वाटेने कळली. डिजिटल बोलण्यात, समोरचा गप्प बसला की यंत्र जवळजवळ काहीच पाठवत नाही, तेवढीच बचत. पण त्या कोऱ्या शांततेत माणसं घाबरतात, लाईन तुटली असं समजून 'हॅलो, हॅलो' करू लागतात. म्हणून आपल्या बाजूच्या यंत्रात एक बारीक सूं सूं मुद्दाम तयार करून आपल्या कानात सोडतात. समोरच्याकडून जवळजवळ काहीच येत नसतं, आपला फोनच आपली समजूत काढत असतो. ती सूं सूं मानोऱ्यात ऐका की मुंबईत, सारखीच. तिच्यात पाऊस नाही, काळी माती नाही, सोयाबीन राखणाऱ्याचा ठोका नाही. तारेवरच्या फोनवर पहिला प्रश्न असायचा, 'कोण बोलतंय?' माणूस कुठे आहे ते ठाऊकच असे, तार जिथे संपते तिथे. आता कोण ते आधीच दिसतं आणि पहिला प्रश्न असतो, 'कुठे आहेस?'

काचेच्या धाग्यावर सगळं गेलं हे बरंच झालं. त्याला पाणी लागत नाही, गंज चढत नाही, शेजारची वीज त्याच्या वाटेला जात नाही. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात लागला की तो तुटतो, आणि तुटला की सगळं बंद. मधली अवस्था उरलेली नाही. अर्धवट ऐकू येणं, ओरडणं, पुसदचा पु, हे सगळं गेलं. पावसाचे आकडे आता कुठेतरी पडद्यावर भरायचे असतात. तिथे त्रेसष्टला कुणी अडुसष्ट ऐकत नाही, आणि आकडा भरणाऱ्याच्या गावात पाऊस अजून चालू आहे की थांबला, हेही कुणाला कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलत होता. मराठी स्वच्छ, पण कुठल्या जिल्ह्याची ते कळेना. लाल दिवा लागलाय का, वायर घट्ट बसलीय का, आता राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. क्रम तोच, लाईनमनचाच, आधी आपलं यंत्र. राऊटर उठायला वेळ लागतो. त्या वेळात दोघांनाही बोलण्यासारखं काही नव्हतं. पलीकडून कसलाच आवाज येत नव्हता, पंख्याचाही नाही. म्हणून विचारलं, "तुमच्याकडे पाऊस आहे का हो?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याच्या समोरच्या यादीत नसावा. "माहीत नाही काका," तो म्हणाला. "बघून सांगू?"

आणि खरोखरच खुर्ची सरकली, एक दार करकरलं आणि पलीकडे कुणीतरी त्याला ओरडून विचारलं, "अबे, कुठं चालला कॉल सोडून?"